धारचे खानदानी उंदीर

डोंगर पोखरून उंदीर काढला, हा विनोद मला इतक्या जणांनी ऐकवला आहे की तो मीच आधी सांगून मोकळी होते. हो, मी उंदरांवर संशोधन केलं. घुशींवर नव्हे, शेतातल्या उंदरांवरही नव्हे. पिठाच्या डब्यामागे राहणाऱ्या, करड्या, बोटाएवढ्या घरउंदरांवर. ऐंशी सालाच्या आगेमागे देवासच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाले आणि तिथल्याच एका सरांच्या हाताखाली पीएच.डी.ला नाव नोंदवलं. धारच्या मुलींच्या कॉलेजात लेक्चररची एक जागा निघणार होती. पीएच.डी. असेल तर ती मला मिळण्यासारखी होती, आणि मला ती हवी होती. ज्ञानाच्या तळमळीनं वगैरे नव्हे. माझे वडील सांगलीकडून देवासच्या एका कारखान्यात नोकरीला आलेले. कॉलनीतल्या दोन खोल्यांत आम्ही सात माणसं राहायचो, आणि दाराला आतून कडी लावता येईल अशी खोली मला जन्मात मिळाली नव्हती. धारला ती मिळाली असती.

सर थोरल्या पातीचे. हे जरा समजावून सांगायला हवं. देवास या एवढ्याशा गावात स्वातंत्र्याआधी दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन राजे, दोन कचेऱ्या, आणि काही ठिकाणी रस्त्याच्या या बाजूला एकाचा अंमल तर त्या बाजूला दुसऱ्याचा. राज्यं विलीन होऊन माझ्या वयाहून जास्त वर्षं उलटली होती, पण जुन्या मराठी घरांतून पाती काही गेली नव्हती. सरांचे आजोबा थोरल्या पातीच्या खजिन्यात कारकून होते. सर मात्र 'दरबारात होते' असं म्हणत, आणि ते तिथं काय करत होते हे विचारायचा ऐकणाऱ्याला धीर होऊ नये अशा आवाजात म्हणत. आम्हा कॉलनीवाल्यांना ही जुनी मंडळी 'कारखान्याचे लोक' म्हणायची. आम्ही त्यांना काय म्हणायचो ते छापण्यासारखं नाही.

तर सरांनी एका परदेशी मासिकात वाचलं की युरोपातल्या डोंगराळ मुलखात घरउंदरांच्या गुणसूत्रांची संख्या खोऱ्याखोऱ्याला बदलते. जगभरच्या घरउंदराला चाळीस गुणसूत्रं. पण एखाद्या खोऱ्यात उंदीर पिढ्यान्‌पिढ्या बाहेरच्यांत न मिसळता राहिले, तर कधी दोन गुणसूत्रं टोकाशी चिकटून त्यांचं एक होतं, तो जोड पुढच्या पिढ्यांत टिकतो आणि संख्या अडतीसवर किंवा त्याहूनही खाली येते. मासिक मिटून सर मला म्हणाले, "आपल्या दोन पात्यांचं धान्य वेगळं, कोठारं वेगळी. सोयरीक तर नाहीच. उंदीर वेगळे निघालेच पाहिजेत."

दोन पात्यांमधला रस्ता कुठल्याही धडधाकट उंदराला एका दमात ओलांडता आला असता. पण सरांच्या मते थोरल्या पातीचा उंदीर असा कुणाच्याही दारात जाणारा नव्हता. मी ते वहीत लिहून घेतलं. गाईडशी वाद घालणारा विद्यार्थी फक्त वादात पास होतो.

मग पिंजरे घेऊन माझी दारोदार वारी सुरू झाली. थोरल्या पातीतल्या पहिल्याच घरी काकूंनी दार अर्धं उघडून सांगितलं, "आमच्याकडे उंदीर नाहीत. पलीकडे विचारा, तिकडे नुसता सुळसुळाट आहे." पलीकडच्या काकूंनी दार तेवढंही उघडलं नाही. "आमच्याकडे कसले उंदीर? असलाच एखादा तर त्यांच्याकडून आलेला." दोघींच्याही स्वयंपाकघरातून कुरतडल्याचा आवाज येत होता. शेवटी बाजारातला एक धान्यवाला माझ्या मदतीला धावला. "जितने चाहिए ले जाओ, बेनजी," तो म्हणाला, "बोरी समेत ले जाओ." त्याला घराण्याची अडचण नव्हती.

पिंजरा दिला की घरोघरी एक प्रश्न ठरलेला असे: "तपासून झाल्यावर सोडून देता ना?" मी मान हलवायची. ती कुठल्या दिशेनं हलली ते ज्यानं त्यानं ठरवावं. खरं काम असं होतं. उंदराला एक इंजेक्शन द्यायचं, त्यानं पेशींचं विभाजन अर्ध्यात थांबतं आणि गुणसूत्रं सुटी सुटी दिसतात. मग त्याला मारून मांडीच्या हाडातली मज्जा काढायची, हातानं फिरवायच्या यंत्रात ती गरगरवायची, आणि थंड काचेवर थेंब टाकून रंगवायची. भिंगाखाली काडेपेटीतल्या काड्यांसारख्या काड्या दिसतात, प्रत्येकीचं गुल एका टोकाला. त्यांचा फोटो मोठा करायचा, एकेक काडी कात्रीनं कापायची आणि जोड्या जुळवून डिंकानं चिकटवायची. माझ्या वयाच्या मुलींच्या आया तेव्हा पत्रिका जुळवत होत्या. मी उंदरांच्या काड्या जुळवत होते. या सगळ्यात एकच अट होती: उंदीर जिवंत हाती लागायला हवा. मेलेल्या उंदराच्या मज्जेतून काहीही निघत नाही.

थोरली पाती, चाळीस. धाकटी पाती, चाळीस. टोंकखुर्दच्या खळ्याशेजारच्या घरातला, चाळीस. कन्नौदच्या मंडीतला लठ्ठ बोका शोभेल असा उंदीर, तोही चाळीस. घरोघरी मातीच्या चुली. एकदा धाकट्या पातीतल्या उंदरात एकोणचाळीसच भरली, तेव्हा सरांचा चेहरा उजळला. "मला वाटतच होतं," ते म्हणाले, "त्यांच्यात काहीतरी कमी आहे." नीट पाहिलं तर एक काडी दुसरीखाली दडली होती. सर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, जणू ती काडी मीच दडवली होती.

सगळ्यांना चाळीस, एवढंच सांगणारा प्रबंध कोण वाचणार आणि कोण पास करणार? माझी झोप उडाली. तेव्हा सरांना आपल्या थोरल्या बहिणीची आठवण झाली. या बहिणीला आम्ही ताईसाहेब म्हणायचो. धारच्या एका जुन्या संस्थानी घराण्यात त्यांना दिलेलं. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, ताठ, टापटीप, आणि गावातल्या प्रत्येक समितीवर असलेल्या. त्यांचं घर तळ्याच्या बाजूला, दर दिवाळीला डिस्टेंपर मारलेलं, फरशी अशी की पाय ठेवताना स्वतःचीच लाज वाटावी. त्या घरात उंदीर होते, आणि ताईसाहेब ते अभिमानानं सांगत. गणपतीचं वाहन, त्याला मारायचं नाही, हाकलायचं नाही. संकष्टीला देव्हाऱ्यामागे एक छोटा मोदक खास त्यांच्यासाठी ठेवला जाई.

मला उंदीर द्यायचा की नाही यावर बहीण-भावांत बरीच चर्चा झाली. अखेर ताईसाहेबांनी तोड काढली: विद्येच्या कामी गेला की त्या जिवाला चांगली गती मिळते. मात्र एका खेपेला एकच. पिंजरा त्या स्वतः लावायच्या, सापडलेल्या उंदराच्या पिंजऱ्याला हळदकुंकू लावायच्या आणि माझ्या हाती द्यायच्या. मला शेव-पोहे द्यायच्या, आणि माझ्या तोंडून 'चाय' निघालं की 'चहा' म्हणून दुरुस्त करायच्या. आम्ही हिंदी शाळेत शिकलेलो. त्यांच्यासमोर बसलं की मला दर वाक्याला ठेच लागायची. परतीच्या बसमध्ये कंडक्टर कुंकू लावलेला पिंजरा बघून हात जोडायचा. "इनका टिकट नी लगे, मैडम," तो म्हणायचा, "ये तो परसाद के हैं."

ताईसाहेबांकडच्या पहिल्याच उंदरात एकोणचाळीस निघाली. या वेळी एकही काडी दडलेली नव्हती. दोन काड्या गुलाशी गुल लावून चिकटल्या होत्या आणि त्यांचा एक ठळक इंग्रजी व्ही झाला होता. पुढच्या खेपेच्या उंदरात अडतीस निघाली, म्हणजे तो जोड आईकडून आणि बापाकडून, दोघांकडूनही आलेला. मी प्रयोगशाळेत एकटीच होते. आनंदानं मला रडू आलं, हे सांगायला मला कसलीही लाज वाटत नाही. मला डोळ्यांसमोर गुणसूत्रं दिसत नव्हती, दाराची कडी दिसत होती.

सरांचं तर विमानच सुटलं. शेजारच्या घरांतले उंदीर तपासले, ते सगळे चाळीसवाले. म्हणजे हा जोड ताईसाहेबांच्या घरापुरताच. सरांनी तीन दिवसांत एका प्रकरणाचा मसुदा लिहून काढला. त्यात असं होतं की हे घराणं अमझेऱ्याकडच्या आपल्या जमिनीतलं धान्य शतकानुशतकं त्याच घरात साठवत आलं, परक्या धान्याचा स्पर्श होऊ दिला नाही, म्हणून त्या घरच्या उंदरांचा वंश शुद्ध राहिला. घर बांधून शतक सोडा, माझ्या आईच्या लग्नाएवढीही वर्षं झाली नव्हती. ताईसाहेबांना ही बातमी कळल्यावर त्या पाहुण्यांना चहाबरोबर तीही देऊ लागल्या. "आमच्याकडचे खानदानी आहेत," त्या म्हणत. "ह्यांच्यावर देवासला अभ्यास चाललाय." आपला तो बाब्या, या न्यायानं शेजारच्यांचे ते नुसते उंदीर राहिले.

दोन-चार उंदरांवर वंश उभा राहत नाही. परीक्षक आणखी प्राणी मागणार हे मला ठाऊक होतं, म्हणून मी धारच्या खेपा चालूच ठेवल्या. अशाच एका खेपेला ताईसाहेबांची कंबर धरली होती. पलंगावरूनच त्या म्हणाल्या, "आज पिंजरा तूच लाव. हातपाय धुऊन जा आणि सोवळ्याच्या कपड्यांना शिवू नकोस."

मी हातपाय धुऊन देवघरात गेले. देव्हारा मोठा होता, पुढं कोरीव कमान. ताईसाहेबांच्या सासऱ्यांना तो दरबारातून मिळाला, हे मी प्रत्येक खेपेला ऐकलं होतं. पिंजरा मागे सरकवायला मी भिंतीकडून वाकले आणि देव्हाऱ्याची पाठ बघितली. रंग नाही, पॉलिश नाही. पांढुरकं, गाठीगाठींचं, हलकं लाकूड. त्यावर काळ्या शाईत परकी अक्षरं, एक पेला, आणि 'ही बाजू वर' दाखवणारा बाण. बाण जमिनीकडे तोंड करून होता.

ते लाकूड मी अंधारात नुसत्या वासानं ओळखलं असतं. कारखान्यात परदेशातून यंत्रं यायची ती याच लाकडाच्या खोक्यांतून. रिकामी खोकी भंगारात निघाली की कॉलनीतला प्रत्येक जण ती घेऊन यायचा. आमची खाट त्या लाकडाची, माझं अभ्यासाचं टेबल त्या लाकडाचं. पाढे पाठ करताना मी तो पेला बोटानं गिरवत बसायची. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. तिथंच उकिडवी बसून मी तोंडावर पदर धरून हसले.

ताईसाहेबांचे यजमान बाहेर पेपर वाचत होते. मी हळूच विचारलं. ते सरळ माणूस, त्यांनी सगळं सांगून टाकलं. काही वर्षांपूर्वी ताईसाहेब काशीला गेल्या असताना देव्हाऱ्याला वाळवी लागली. कमान तेवढी वाचली. बाकीचा देव्हारा त्यांनी देवासच्या एका ठेकेदाराकडून खोकी आणून सुताराकडून करवून घेतला. खोक्यांत यंत्राभोवती भरलेला लाकडाचा कुरळा भुसा ठेकेदारानं पोत्यांत भरून फुकट दिला; आंबे पिकवायला बरा म्हणून तो देवघरामागच्या खोलीत टाकला. "आणि उंदीर?" मी विचारलं. त्यांनी डोकं खाजवलं. "त्याआधी फारसे दिसत नव्हते. त्यानंतरच आले म्हणायला हवं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "हिला काही बोलू नकोस हं."

मी त्या पोत्यांत हात घातला. तळाशी भुशाची घरटी होती, जुन्यावर नवी. इथल्या जुन्या वंशाचे म्हणून मिरवलेले उंदीर समुद्र ओलांडून, आगबोटीतून, रेल्वेतून, ट्रकमधून, यंत्राच्या खोक्यात बसून आमच्या कारखान्यात आले होते आणि तिथून टेम्पोभर लाकडाबरोबर संस्थानी घरात. वाटेत कुणी त्यांना कुळ विचारलं नव्हतं. इथल्या चाळीसवाल्यांशी त्यांनी घरोबा केला आणि एकोणचाळीसवाली पिलंही झाली.

देवासला येऊन मी सरांना सगळं सांगितलं. मी म्हटलं, "सर, आपल्या मसुद्यापेक्षा हे कितीतरी मोठं आहे. परदेशी उंदीर आले, इथल्यांत मिसळले, आणि ते एका घरात, आपल्या डोळ्यांसमोर घडतंय. असं कुणाला बघायला मिळतं?"

"मोठं असेल," सर म्हणाले, "आपलं नाही."

त्यांना माझ्यावर रागावताही येईना, कारण पुरावा मी आणला नव्हता, त्यांच्या मेहुण्यांनी आणला होता, आणि तोही अर्धा फुकटात. शेवटी त्यांनी मला एक वाट मोकळी ठेवली. आधी कारखान्याच्या आवारातले उंदीर तपास, मग ताईकडचे आणखी आण, सिद्ध झालं तर बघू. वडिलांनी भंडारातून पिंजरे भरून आणून दिले. पण भंगाराचं जुनं आवार केव्हाच साफ होऊन तिथं सिमेंटची शेड उभी होती, आणि शेडमधले सगळे उंदीर चाळीसवाले निघाले. म्हणजे अडतीसवाले आता उरले होते फक्त ताईसाहेबांच्या देव्हाऱ्यामागे. माझा प्रबंध, धारची जागा, सगळं त्या भुशाच्या पोत्यांत राहत होतं. एक-एक करून नव्हे, आता चार-सहा एकदम मागायचे असं मी ठरवलं.

मध्ये राखी आली. सर धारला बहिणीकडे जाऊन आले. परत आल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताईला मी कल्पना दिली आहे. अंधारात ठेवणं बरं नव्हे." मला वाटलं, चला, बरंच झालं, आता लपवाछपवी नको. त्याच आठवड्यात मी कॉलेजचे सगळे पिंजरे गोळा केले आणि इंदूरला बस बदलून धारला गेले.

दारातच फिनेलचा वास आला. ओसरीवर वर्तमानपत्र पसरलं होतं आणि त्यावर उंदीर ओळीनं ठेवले होते, मोठे, मधले, आणि डोळे न उघडलेली गुलाबी पिलंसुद्धा. ताईसाहेबांची कंबर बरी झाली होती. पदर खोचून त्या स्वतः देखरेख करत होत्या. पिठाच्या गोळ्यांत औषध घालून खोलीभर टाकलं होतं, पोती जाळून टाकली होती, गोमूत्र शिंपडून झालं होतं. देव्हारा जागच्या जागी होता. त्याच्या पाठीला हिरवा ऑइलपेंट दिला होता, अजून ओला.

मी एकेका उंदराला हात लावून पाहिला. सगळे थंड. एकही जिवंत असता तर मी तिथल्या तिथं इंजेक्शन दिलं असतं. सुई माझ्या पिशवीत होती. पुढं प्रबंध परीक्षकाकडून परत आला, प्राणी फार थोडे, आणखी तपासावेत, असा शेरा घेऊन. आणखी प्राणी नव्हतेच. धारची जागा भरली गेली, मी कन्नौदच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले. पण हे नंतरचं. त्या दुपारी मला एवढंच समजत होतं की या बाईनं वर्षानुवर्षं ज्यांना मोदक खाऊ घातला त्यांना एका राखीत संपवलं, आणि मला ओरडावंसं वाटत होतं.

"का मारलेत, ताईसाहेब?" मी विचारलं. "गणपतीचं वाहन ना?"

"ते आपले होते तोवर," त्या शांतपणे म्हणाल्या. "कारखान्याचे निघाले. असले लोक घरात कसे ठेवायचे?"

यजमान पेपरमागून खोकले. तेव्हा ताईसाहेबांच्या ध्यानात आलं की त्या हे कुणाला सांगत होत्या. त्या आत गेल्या, पोह्यांची बशी घेऊन आल्या आणि अगदी मायेनं मला पाट सरकवला.

"तू बैस गं," त्या म्हणाल्या. "तुझं तसं नाही."

"माझं कसं आहे?"

ताईसाहेबांनी माझ्या बशीत आणखी एक मूठ शेव घातली आणि म्हणाल्या, "खाऊन घे. बस चुकेल."